मिसर देशांतील आद्य देवता : कांहीं प्रचलित मतांचें परीक्षण

मिसर देशांतील लोक प्रथम कोणत्या देवतेची उपासना करूं लागले, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून व लोकप्रिय ग्रंथांतून त्याचीं जीं उत्तरें दिलीं जातात, त्यांत कोणी सूर्यदेव 'रा' यास आद्य म्हणतो, कोणी ओसिरिस यास, तर कोणी मूळचा एकच निर्गुण परमेश्वर होता व पुढें त्याचे अनेक देव झाले असें सांगतो. हीं उत्तरें टिकत नाहींत एवढेंच दाखवावयाचें असतें तर या त्रैमासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु तीं ज्या पद्धतीनें काढिलीं गेलीं, ती पद्धत जुनीं दप्तरें व पोथ्या चाळणाऱ्या आम्हां लोकांच्या चांगली ओळखीची आहे. तिच्यांतील दोष आपल्या कामांतही वारंवार शिरतो, म्हणून हा लेख.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. शाळेंत इतिहास व संस्कृत शिकवीत असतां 'मिसरी लोकांचा पहिला देव रा' हें वाक्य आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दिलें. एके वर्षीं मागील बांकावरील एका मुलानें उठून विचारिलें, "सर, पहिला म्हणजे कोणाच्या आधींचा?" आम्हीं "ग्रंथांत तसें आहे" म्हणून त्यास खालीं बसविलें. तो ग्रंथ म्हणजे वालिस बज यांनीं १९०४ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केलेला मिसरी देवतांचा ग्रंथ. बज यांची मेहनत मोठी खरी. पण त्यांच्या एकाच पानावर दोन दोन हजार वर्षांच्या अंतरानें लिहिलेलीं वचनें शेजारीं शेजारीं बसतात, आणि कोणतें आधींचें व कोणतें नंतरचें हें वाचकास कळण्याचा मार्ग राहत नाहीं. त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता; उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

उत्तर कोठें चुकतें तें समजण्यास एक घरगुती उदाहरण पुरेल. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या हातीं एक पोथी आली. तिच्या शेवटीं लेखनाचा शक स्पष्ट अक्षरांत दिलेला होता व त्या हिशेबानें ती चांगली सव्वातीनशें वर्षांची ठरत होती. आम्ही हर्षभरित झालों. पुढें कागद व अक्षराचें वळण पाहिलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, लेखकानें आपल्यासमोरील जुन्या प्रतीचा समाप्तिलेखही शकासकट जसाच्या तसा उतरविला होता; त्याची स्वतःची प्रत दीडशें वर्षें अलीकडची होती. म्हणजे मजकुराचा काळ निराळा व पुराव्याचा काळ निराळा. मिसरच्या देवतांविषयींचा सर्व घोळ याच दोन काळांच्या मिसळीमुळें झाला आहे.

सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडांतील भिंतींवर कोरलेले मंत्र १८८१ सालीं मास्पेरो यांनीं उजेडांत आणिले. उनास हा पांचव्या राजवंशाचा शेवटचा राजा. त्याचा काळ इ. स. पू. २३५० च्या सुमाराचा. मिसरी धर्माचें याहून जुनें विस्तृत वाङ्मय कोठेंही उपलब्ध नाहीं. या मंत्रांत रा आहे, ओसिरिस आहे, होरस व सेत यांचें भांडण आहे, आणि इतरही शेंकडों नांवें आहेत. सर्वांत जुना ग्रंथ हा, म्हणून यांतील देव सर्वांत जुने, असा अनुमानाचा ओघ सहजच वाहूं लागला. पण मिसरचें एकछत्री राज्य स्थापन झालें तें इ. स. पू. ३१०० च्या आसपास. तेथपासून उनासापर्यंत साडेसातशें वर्षें होतात; म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हांपासून आजपर्यंत जितका काळ लोटला, जवळ जवळ तितका. एवढ्या अवधींत देवतांचें किती स्थित्यंतर होतें, हें पंढरीच्या वाटेवरील कोणत्याही गांवाचें ग्रामदैवत पाहणाऱ्यास सांगावयास नको.

येथें संस्कृताचा अभ्यासक म्हणून आम्हांस विरुद्ध पक्षाची बाजू मांडणें प्राप्त आहे. ऋग्वेदाचें उपलब्ध हस्तलिखित अलीकडचें, म्हणून संहिता अलीकडची, असें कोणी म्हटल्यास आपण त्यास हंसूं. मौखिक परंपरा लेखनाच्या कित्येक शतकें आधींची असूं शकते. पिरॅमिडांतील मंत्रांतही जुना थर आहे यांत शंका नाहीं. कांहीं मंत्रांत मृत राजास अंगावरील वाळू झटकून उठावयास सांगितलें आहे. दगडी पिरॅमिडांत निजलेल्या राजाच्या अंगावर वाळू कोठून येणार? तो मंत्र वाळूंतील साध्या खड्ड्यांत प्रेत ठेवीत असत त्या काळाची आठवण धरून आहे. भाषेचीं कांहीं रूपेंही उनासाच्या काळच्या व्यवहारांतील भाषेहून जुनीं आहेत. हें सर्व मान्य. परंतु यावरून सिद्ध होतें तें त्या त्या मंत्रापुरतें. एका सूक्तांत आर्ष रूप सांपडलें म्हणून दहाही मंडलें एककालीन ठरत नाहींत. तद्वत् वाळूचा उल्लेख जुना म्हणून शेजारच्या भिंतीवरील ओसिरिस जुना ठरत नाहीं. जुन्या मंत्रांत नव्या देवतेचें नांव घालणें हें तर पुरोहितांचें नित्याचें काम.

ही मर्यादा ओलांडण्याचें सर्वांत मोठें उदाहरण कुर्ट झेटे यांचें आहे. पिरॅमिडांतील मंत्रांची पाठशुद्ध आवृत्ति सिद्ध करणारा हा जर्मन पंडित. त्यांच्या आवृत्तीवांचून आजही कोणाचें पाऊल पुढें पडत नाहीं, आणि त्यांच्याविषयीं लिहितांना आमची लेखणी आदरानेंच चालते. पण १९३० सालीं त्यांनीं मिसरच्या आदिइतिहासावर व प्राचीनतम धर्मावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत देवांच्या कथांतून राज्यांचा इतिहास काढिला. होरसानें सेताचा पराभव केला, यावरून उत्तरेकडील होरसपूजक राज्यानें दक्षिणेकडील सेतपूजक राज्य जिंकिलें. सूर्याचें क्षेत्र हेलिओपोलिस, म्हणून मेनेस राजाच्या पूर्वींच त्या नगरीच्या सत्तेखालीं सर्व मिसर एकदां एक झालें होतें. अशी ही रचना. पार्गिटर यांनीं १९२२ सालीं पुराणांतील वंशावळींवरून आपला प्राचीन इतिहास उभारिला, त्याची आठवण येथें झाल्याशिवाय राहत नाहीं. तोच आत्मविश्वास, तीच कुशाग्रता आणि पायाखालीं तीच निसरडी जमीन. हेर्मान केस यांनीं १९४१ च्या आपल्या ग्रंथांत झेटे यांस विरोध केला व होरसाचें मूळ दक्षिणेंत, नेखेन येथें, शोधिलें. पुढें कुदळीनें जो निर्णय दिला तो झेटे यांच्या विरुद्ध गेला. नाईलच्या मुखाकडील प्रदेशांत, विशेषतः बूतो येथें, १९८० नंतर जीं उत्खननें झालीं त्यांत दक्षिणेस जिंकणाऱ्या बलाढ्य राज्याचा मागमूस लागला नाहीं. उलट दक्षिणेकडील नकादा संस्कृतीचीं भांडीं व चालीरीती हळूहळू उत्तरेकडे पसरत गेल्याचें दिसलें.

झेटे यांची चूक पंडिताची होती. आमेलिनो यांची चूक भाविकाची म्हणावी अशी आहे. अबायडॉस येथील राजांच्या स्मशानभूमींत खणीत असतां १८९८ सालीं या फ्रेंच गृहस्थांस एका थडग्यांत ओसिरिसाची शय्येवर निजलेली दगडी प्रतिमा सांपडली. हें प्रत्यक्ष ओसिरिसाचेंच थडगें होय, असें त्यांनीं ठरविलें व त्यावर ग्रंथही लिहिला. वस्तुतः थडगें पहिल्या राजवंशांतील जेर राजाचें. त्याच्या मृत्यूनंतर हजार वर्षांहून अधिक काळानें यात्रेकरूंनीं त्यास ओसिरिसाचें स्थान मानिलें, आणि ती प्रतिमा त्या उत्तरकाळांतील आहे. स्थान जुनें आणि श्रद्धा नवी. पांडवलेणीं हें नांव ऐकून लेण्यांत पांडवांची वस्ती शोधणारे लोक आपल्याकडे नव्हते असें नाहीं.

ओसिरिसाचें नांव कोरीव लेखांत निश्चितपणें प्रथम आढळतें तें पांचव्या राजवंशांत, म्हणजे इ. स. पू. २४०० च्या सुमारास. अबायडॉसचा मूळ स्वामी दुसराच, कोल्ह्याच्या रूपाचा खेंतिआमेंतिउ नांवाचा, म्हणजे 'पश्चिमेकडील लोकांचा (मृतांचा) अग्रणी'. त्याचें नांव पहिल्या राजवंशाच्या मुद्रांवर आहे. पुढें तें नांव ओसिरिसाची उपाधि झालें, व मूळ मालक स्वतःच्या घरांत विशेषण होऊन राहिला. रा याची स्थिति याहून थोडी बरी. दुसऱ्या राजवंशांतील एका राजाच्या नांवांत सूर्याचें चिन्ह आहे. तेथें देव विवक्षित आहे कीं केवळ आकाशांतील सूर्यबिंब, याविषयीं मतभेद आहे. राजा स्वतःस 'रा याचा पुत्र' म्हणवूं लागला तो चवथ्या राजवंशांतील जेदेफ्रे याच्या काळीं. तेव्हां रा प्रतापी खरा, पण आद्य म्हणण्यास पुरावा नाहीं.

बरें, मग पुरावा कोणाचा आहे? येथें उलट दिशेची घाई टाळिली पाहिजे. मिसरच्या दक्षिण वाळवंटांत नब्ता प्लाया येथें इ. स. पू. ५४०० च्या सुमारास दगडांच्या ढिगाखालीं एक गाय विधिपूर्वक पुरलेली सांपडली. बदारी येथील स्मशानांत चटईंत गुंडाळून पुरलेले पशु आहेत. हातवर केलेल्या स्त्रियांच्या मातीच्या मूर्ती आहेत; त्यांतील अल मामरिया येथील, आज ब्रुकलिनच्या संग्रहालयांत असलेली, फार प्रसिद्ध आहे. या सर्वांवरून गोदेवता, पशुदेवता, मातृदेवता अशीं नांवें वांटण्याची चढाओढ एके काळीं लागली होती. पीटर उको यांनीं १९६८ सालीं या मूर्तींची नीट छाननी करून मातृदेवतेच्या मताचा आधार किती पोकळ आहे तें दाखविलें. पुरणें म्हणजे पूजणें नव्हे. आपल्या घरचा बैल मेला तर शेतकरी त्यास पुरतो, त्यावर दगड ठेवितो आणि रडतोही.

आमच्या मतें एखाद्या देवतेस प्राचीन म्हणावयाचें तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात : त्या काळचें चिन्ह, तेंच चिन्ह पुढें ज्या देवतेचें म्हणून लेखांत सांगितलें जातें तिच्यापर्यंत अखंड पोंचणारी मालिका, आणि शक्य तर स्थान. या कसोटीस सर्वांत चांगला उतरतो तो मिन.

१८९३-९४ च्या हिंवाळ्यांत पेट्री यांनीं कॉप्टॉस येथें खोदकाम केलें, तेव्हां पुढील काळच्या देवळाखालीं तीन प्रचंड चुनखडी मूर्तींचे तुकडे सांपडले. पूर्णावस्थेंत प्रत्येक मूर्ति चार मीटरांच्या आसपास उंच असावी. देव उभा आहे, पाय जुळलेले, कमरेस पट्टा, आणि ऊर्ध्वलिंग. अंगावर उथळ कोरलेलीं चिन्हें आहेत : तांबड्या समुद्रांतील शंख, करवतमाशाची सोंड, हत्ती, आणि मिन याचें खास चिन्ह. हें खास चिन्ह म्हणजे काय, वीज कीं दुहेरी बाण कीं जीवाश्म, यावर विद्वान् अद्याप भांडत आहेत. परंतु तें मिन याचें आहे याबद्दल भांडण नाहीं, कारण पुढें तीन हजार वर्षें त्याच देवाचें नांव त्याच चिन्हानें लिहिलें गेलें. स्थानही पाहावें. कॉप्टॉस हें नाईलच्या कांठावरून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या वाळवंटी वाटेच्या तोंडाशीं आहे, आणि मिन हा पुढेंही त्या वाटेचा रक्षक म्हणूनच प्रसिद्ध होता. मूर्तीवर समुद्रांतील शंख कां, हें निराळें सांगावयास नको. मूर्तींचा काळ इ. स. पू. ३३०० ते ३१०० च्या दरम्यानचा मानितात. आज त्यांतील दोन ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत व एक कैरोस आहे.

मूर्तींच्याही मागें जातां येतें. डोळ्यांत घालावयाचें हिरवें अंजन वाटण्याच्या सपाट दगडी पाट्या मिसरी लोक प्रेताबरोबर पुरीत असत. एल अम्रा येथील अशा एका पाटीवर, जी ब्रिटिश म्युझियममध्यें आहे, मिन याचें चिन्ह कोरलेलें आहे. नकादा काळाच्या मध्यभागांतील रंगीत मडक्यांवर नावा काढलेल्या असतात. कांहीं नावांच्या काठ्यांवरही तेंच चिन्ह फडकतें. मडक्यांचा अनुक्रम लावण्याची युक्ति पेट्री यांचीच. शेंकडों थडग्यांतील भांडीं घेऊन, त्यांच्या मुठींचा आकार कसा बदलत गेला यावरून त्यांनीं थडग्यांचा पौर्वापर्यक्रम बसविला. प्रतींतील पाठभेदांवरून वंशवृक्ष मांडणाऱ्या माणसास ही युक्ति पाहून संतोष व्हावा. मात्र याच पेट्री यांनीं १९०६ च्या आपल्या छोट्या ग्रंथांत पशुदेव, मनुष्यदेव, सृष्टिदेव व भावदेव असे वर्ग पाडले व वेगवेगळ्या वर्गांमागें वेगवेगळे मानववंश उभे केले. मडक्यांस जी शिस्त त्यांनीं लाविली ती देवांस लाविली असती तर बरें होतें.

मिन याच्या जोडीस एक गोमुखी देवी येते. गेर्झे येथील एका अंजनाच्या पाटीवर गाईचें मस्तक आहे आणि शिंगांच्या टोंकांवर, कानांवर व कपाळावर मिळून पांच तारे. म्हणजे ही साधी गाय नव्हे, आकाशांतील गाय आहे. नार्मर राजाच्या प्रसिद्ध पाटीच्या माथ्यावर दोन्ही बाजूंस गाईचे कान व शिंगें असलेले मानवी चेहरे आहेत. क्विबेल व ग्रीन यांस ही पाटी १८९७-९८ च्या मोसमांत नेखेन येथें मिळाली. त्या चेहऱ्यांस दीर्घकाळ हाथोर म्हणत. हेन्री फिशर यांनीं १९६२ सालीं दाखविलें कीं हाथोरचीं शिंगें बाहेर वळतात, हीं आंत वळलेलीं आहेत. आणि पिरॅमिडांतील मंत्रांत दोन मुखें असलेली जी बात नांवाची देवी येते, ती हीच असावी. हें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. पण एवढें ध्यानांत ठेवावें कीं चेहरा नार्मरच्या काळचा व नांव साडेसातशें वर्षांनंतरचें आहे. चेहऱ्यास आम्ही प्राचीन म्हणतों. नांवास म्हणत नाहीं.

ससाण्याविषयीं सावधगिरी अधिक हवी. नेखेनच्या सरदारांच्या स्मशानांत, जेथें हत्ती व वानर पुरलेले आहेत तेथें, मॅलकाइट दगडाचा एक चिमुकला ससाणा सांपडला आहे, इ. स. पू. ३६०० च्या आसपासचा, व बहुधा सर्वांत जुना. पहिल्या राजवंशाच्या आधींपासून राजाच्या नांवाच्या चौकटीवर ससाणा बसतो, आणि तो होरस याबद्दल संशय नाहीं. परंतु मिसरमध्यें ससाण्याच्या रूपाचे देव अनेक होते. चौकटीवरील ससाण्याचें नांव मॅलकाइटच्या ससाण्यास देणें म्हणजे गरुड दिसला कीं विष्णु म्हणण्यासारखें आहे.

नांवानिशीं पुरावा मागितला तर पहिला मान देवी नेइथ हिचा. पहिल्या राजवंशाच्या आरंभींच्या राणीचें नांव नेइथ-होतेप, म्हणजे 'नेइथ तृप्त आहे'. तिच्या नांवें ओळखलें जाणारें थडगें द मोर्गां यांनीं १८९७ सालीं नकादा येथें उघडलें. पुढें त्याच वंशांत मेर-नेइथ झाली. तिचें नांव वाचून पेट्री यांस ती राजा वाटली होती. विष्णुगुप्त, स्कंदगुप्त अशा नांवांवरून कुळाची भक्ति ओळखणाऱ्या आपल्या शिलालेखवाचकांस या पुराव्याचें मोल सांगणें नको. माणसाच्या नांवांत देवता आली म्हणजे ती त्या माणसाच्या जन्माआधीं घरांत होती.

सेत हाही जुना आहे. पहिल्या राजवंशाआधींच्या स्कॉर्पियन राजाच्या गदेवर त्याच्या प्राण्याच्या ध्वजकाठ्या दिसतात. माहस्ना येथील त्याहून जुना हस्तिदंती प्राणी सेतच कीं काय, हा वाद मिटलेला नाहीं.

आतां आपल्याकडील कांहीं उत्साही लेखकांविषयीं दोन शब्द. मिन ऊर्ध्वलिंग, म्हणून तो शिव. रा म्हणजे रवि. अशीं समीकरणें वाचनांत येतात. शिवाची उपासना ज्यांस प्रिय आहे त्यांत आम्हीही आहों, परंतु एका अवयवावरून देव ओळखूं नयेत. 'रा' याविषयीं तर व्याकरणच आडवें येतें. मिसरी लेखनांत स्वर नसतात. त्या शब्दांत रेफ व त्यापुढें अरबी 'ऐन' सारखा एक कंठ्य वर्ण आहे, वकार नाहीं. उच्चाराची साक्षही मिळते. अमार्ना येथें १८८७ सालीं सांपडलेल्या बाबिलोनी लिपींतील पत्रांत नेब-माअत-रा या राजाचें नांव 'निम्मुरिया' असें लिहिलें आहे; म्हणजे शेवटचा अवयव 'रिया' सारखा ऐकूं येत असे. त्यापासून रवि काढावयाचा तर वर्णविकाराचे नवे नियम रचावे लागतील.

असाच मोह हिरोडोटसच्या एका वाक्यानें होतो. मिसरी लोकांत पान हा अत्यंत प्राचीन, आठ आद्य देवांपैकीं एक समजला जातो, असें तो दुसऱ्या भागांत म्हणतो. ग्रीक लोक मिन यास पान म्हणत. मग उत्खननानें हिरोडोटस खरा ठरविला असें म्हणावयास कोण कचरेल? आम्हीही प्रथम वाचलें तेव्हां समासांत मोठी खूण केली होती. पण हिरोडोटसचा पान हा मेंडीस येथील बोकडरूपी देव आहे. कॉप्टॉसच्या मिनशीं त्याचा तेथें संबंध नाहीं. खूण आम्हीं खोडली.

मागील बांकावरील त्या मुलास आज उत्तर द्यावयाचें झाल्यास आम्ही असें लिहून देऊं : चिन्हानें, स्थानानें व अखंड परंपरेनें ज्याची साक्ष सर्वांत आधीं पटते तो मिन, आकाशांतील गाईचा चेहरा जवळ जवळ त्याच्याच वयाचा, नांव प्रथम लिहिलेलें सांपडतें तें नेइथचें. यांच्याही आधीं कोणी असतील, आणि बहुधा असतीलच. त्यांनीं आपलें चिन्ह लांकडावर किंवा कापडावर काढलें असेल तर तें वाळवी व काळ यांनीं खाल्लें. कॉप्टॉसच्या उत्खननाचा पेट्री यांचा १८९६ सालचा वृत्तांत आमच्या संग्रहीं आहे, पण त्या प्रतींतील मूर्तींचीं चित्रपत्रें पूर्वींच्या कोणा मालकानें कापून नेलीं आहेत. ज्या वाचकांपाशीं अखंड प्रत असेल त्यांनीं चार दिवस ती पाहावयास दिल्यास, मूर्तींवरील चिन्हें एल अम्राच्या पाटीशीं ताडून पाहण्याचें राहिलेलें काम आम्हांस पुरें करतां येईल.